मार्च-एप्रिलमधील तुंगनाथ-चंद्रशिला : बर्फातली वाट पहिल्यांदा चालणाऱ्यांसाठी

दरवर्षी मार्च उजाडला की ओळखीपाळखीचे लोक मला एकच प्रश्न विचारतात : "एप्रिलमध्ये चंद्रशिलेवर बर्फ असेल का?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सह्याद्रीत भरपूर भटकंती केलेली असते, मुलांच्या परीक्षा संपत आलेल्या असतात आणि हरिद्वारची तिकिटेही काढून झालेली असतात. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येत नाही, कारण वसंतातला बर्फ तारखेपेक्षा घड्याळाप्रमाणे अधिक बदलतो. ज्या उतारावर पहाटे पाच वाजता काचेसारखा कठीण बर्फ असतो, त्याच उतारावर आठ वाजता पाऊल छान रुतून बसते आणि दुपारी बाराला तिथेच गुडघाभर लापशी झालेली असते. उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथ मंदिरामार्गे चंद्रशिला शिखरावर जाणारी ही वाट मी तीनदा चालले आहे आणि तिन्ही वेळा मार्च-एप्रिलमध्येच. पहिल्या खेपेला ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती ठाऊक असती तर जे टळले असते, ते तुमच्या बाबतीत टळावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

१. आधी जागा समजून घ्या

चोपता हे उत्तराखंडातील रुद्रप्रयाग जिल्ह्यातले, उखीमठ-गोपेश्वर रस्त्यावरचे छोटेसे ठिकाण आहे. त्याची उंची सुमारे २,७०० मीटर, म्हणजे तिथे गाडीतून पाय खाली ठेवता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१,६४६ मीटर) हजारभर मीटर वर असता. चोपत्याहून साडेतीन ते चार किलोमीटरची फरसबंद वाट तुंगनाथ मंदिरापर्यंत जाते. पंचकेदारांपैकी (गढवालमधील पाच शिवमंदिरांपैकी) तिसरे मानले जाणारे हे मंदिर सुमारे ३,६८० मीटरवर आहे. मंदिरापासून पुढे साधारण दीड किलोमीटरची मातीची पायवाट चंद्रशिलेच्या माथ्यावर पोहोचते आणि तिथे उंची चार हजार मीटरच्या आसपास भरते.

"जेमतेम पाच किलोमीटर" असे ऐकून अनेकजण निर्धास्त होतात, परंतु त्या पाच किलोमीटरमध्ये सुमारे १,३०० मीटर चढ आहे आणि वरच्या टोकाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के उरतो. शिवाय वाटेचे दोन भाग स्वभावाने पूर्णपणे वेगळे आहेत. मंदिरापर्यंतची वाट रुंद आहे आणि बर्फ असला तरी तिचा अंदाज येतो. मंदिरानंतरची पायवाट अरुंद आहे, काही ठिकाणी उतारावरून आडवी जाते आणि बर्फाखाली गेली की पूर्णपणे दिसेनाशी होते. निम्म्याहून अधिक काळजी या शेवटच्या दीड किलोमीटरची करायची आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हिवाळ्यात मंदिराचे कपाट, म्हणजे दार, बंद असते आणि पूजा मक्कूमठ या गावी होते. कपाट साधारण एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात उघडते. त्यापूर्वी गेलात तर वरच्या बहुतेक टपऱ्या बंद असतात आणि नळ गोठलेले असतात. वाटेत चहा मिळेल, गरज पडल्यास कुठे तरी बसता येईल, अशी मनाशी बांधलेली गणिते तिथे चुकतात.

२. कोणत्या काळात जायचे ते ठरवा

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात हिवाळाच असतो असे समजून तयारी करा. चोपत्याच्या रस्त्यावरही बर्फ असू शकतो आणि गाडी अलीकडेच, दुगलबिट्टा किंवा बनियाकुंडच्या परिसरात थांबवून उरलेले अंतर चालावे लागू शकते. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ मला सर्वांत आवडतो. खाली बुरांश (लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, रस्ता बहुधा मोकळा असतो आणि वर बर्फ शिल्लक असतो. मात्र दिवसा वितळायचे आणि रात्री गोठायचे, हे चक्र याच काळात सर्वांत जोरात चालते, त्यामुळे घड्याळाचे भान याच काळात सर्वांत जास्त लागते. एप्रिलच्या शेवटी खालची वाट बरीचशी कोरडी होते आणि बर्फ मुख्यतः नाळांमध्ये (अरुंद घळींमध्ये) व सावलीच्या बाजूला उरतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना किंवा लहान मुलांना नेणार असाल तर कपाट उघडल्यानंतरचा काळ निवडा.

अमुक साली अमुक तारखेला वाट कोरडी होती, म्हणून यंदाही असेल, हा तर्क इथे चालत नाही. हिवाळ्यात बर्फ किती पडला आणि मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमी विक्षोभाच्या, म्हणजे पश्चिमेकडून पाऊस-बर्फ घेऊन येणाऱ्या वादळी हवेच्या, किती फेऱ्या झाल्या, यावर सारे अवलंबून असते. कोरड्या वाटेवर एका रात्रीत वीतभर बर्फ पडणे एप्रिलमध्येही घडते.

३. निघण्यापूर्वी आठवडाभर बर्फाचा माग ठेवा

बहुतेकजण निघण्याच्या आदल्या दिवशी फोनवर हवामान पाहतात. त्यात मुख्य शहराचे किंवा फार तर उखीमठचे तापमान दिसते आणि त्यावरून काहीच कळत नाही. त्याऐवजी पुढील तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट म्हणजे उपग्रहाची छायाचित्रे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रे कोपर्निकस ब्राउझरवर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. एका जागेचे नवे छायाचित्र साधारण दर पाच दिवसांनी येते आणि त्यात दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो. साध्या रंगांत ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात, म्हणून लघुतरंग अवरक्त किरणांचा (SWIR) पर्याय निवडा. त्यात बर्फ निळसर दिसतो आणि ढग पांढरेच राहतात. मंदिर आणि माथा यांच्यामधला पट्टा गेल्या तीन छायाचित्रांत कसा बदलत गेला हे पाहिले, की बर्फ मागे हटतो आहे की नव्याने पडला आहे, हे घरबसल्या समजते.

दुसरी गोष्ट म्हणजे इशारे. भारतीय हवामान खात्याच्या देहरादून केंद्राकडून रुद्रप्रयाग आणि चमोली जिल्ह्यांचे अंदाज दिले जातात. चंडीगढच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेकडून हिमस्खलनाचे इशारे जिल्ह्यानुसार आणि उंचीनुसार दिले जातात. ताजा बर्फ पडून गेला असेल तर तो स्थिरावण्यासाठी किमान एक-दोन दिवस जाऊ द्या आणि त्यासाठी सहलीत एक राखीव दिवस ठेवा. राखीव दिवस नसला की माणूस बर्फाकडे न पाहता परतीच्या तिकिटाकडे पाहून निर्णय घेतो.

तिसरी गोष्ट म्हणजे मुक्कामाच्या ठिकाणी फोन करणे. प्रश्न मात्र नेमका विचारा. "बर्फ आहे का?" असे विचारले तर पर्यटक यावेत म्हणून "खूप आहे" किंवा "अजिबात नाही", यांपैकी तुम्हाला जे आवडेल ते सांगितले जाते. त्याऐवजी, "काल मंदिराच्या पुढे कोणी गेले होते का, किती वाजता परतले, मंदिरापुढची पायवाट दिसते आहे का?" असे विचारा.

चोपत्याच्या तापमानावरून माथ्याचा अंदाज बांधायचा असेल तर दर हजार मीटरला सुमारे साडेसहा अंश वजा करा. चोपत्यात पहाटे पाच अंश असतील तर माथ्यावर शून्याखाली तीन-चार अंश असतील, आणि वारा असेल तर अंगाला त्याहून कितीतरी अधिक गार जाणवेल.

४. कागदपत्रे आणि सामान

कागदपत्रांची यादी छोटी आहे. आधार किंवा दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ आणि एक छायाप्रत, घरच्या दोन व्यक्तींचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद, रक्तगट आणि चालू औषधांची नोंद, विमा असल्यास त्याचा क्रमांक. हा परिसर १९७२ साली स्थापन झालेल्या केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या क्षेत्रात येतो, त्यामुळे वाटेच्या सुरुवातीला पावती फाडावी लागते. ती परत येईपर्यंत जपून ठेवा. रोख रक्कम उखीमठ किंवा त्याआधीच काढून घ्या आणि चोपत्यात फोनला रेंज मिळेलच असे गृहीत धरू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या.

सामानात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर रबराच्या पट्ट्याने चढवायची आणि खाली पोलादी दात असलेली साखळी. ती शक्यतो स्वतःची घ्या आणि घरीच बुटांवर चढवून पाहा. चोपत्यात भाड्याने मिळते, परंतु भाड्याच्या जोडीचा रबर ताणून पाहिल्याशिवाय, प्रत्येक कडी तपासल्याशिवाय आणि स्वतःच्या बुटावर चढवून दहा पावले चालल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्या खेपेला मी पहाटेच्या अंधारात घाईघाईने एक जोडी उचलली. मंदिराच्या पुढे, आडव्या बर्फावर असताना उजव्या पायाचा रबर तुटला आणि मी दहा-बारा फूट घसरत जाऊन वर आलेल्या एका खडकाला अडकले. मनगटावर निभावले. तो खडक तिथे होता हा निव्वळ योगायोग होता.

कातळावर उत्तम पकड देणारे सह्याद्रीतले बूट गोठलेल्या बर्फावर तशी पकड देत नाहीत, कारण त्यांची पकड रबराच्या मऊपणावर असते आणि गोठलेल्या बर्फात रुतायला टोक लागते. बूट घोट्याच्या वरपर्यंत येणारे, टाचेला ताठ आणि पुढे बोटांना जागा असलेले घ्या. त्यांवर गेटर, म्हणजे बुटापासून पोटरीपर्यंतचे आवरण, चढवा, नाहीतर दुपारचा ओला बर्फ वरून आत शिरतो. दोन काठ्या घ्या आणि त्यांच्या टोकावरची रबरी टोपी बर्फावर चालताना काढून ठेवा.

चष्म्याबाबत तडजोड करू नका. उंचीबरोबर अतिनील किरणे दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. डोळ्यांना बाजूनेही झाकणारा, अतिनील किरणे अडवणारा चष्मा प्रत्येकाला हवा, लहान मुलांनाही. हिमांधत्व लगेच जाणवत नाही. काही तासांनी, संध्याकाळी मुक्कामावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. क्रीम लावताना हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही लावा, कारण ऊन खालूनही येते.

बाकी सामान थोडक्यात : अंगालगतचा लवकर सुकणारा थर, लोकर किंवा फ्लीस, वारा-पाऊस अडवणारे जाकीट, हातमोज्यांचे दोन जोड, कानटोपी, जादा मोजे, डोक्यावरचा टॉर्च आणि त्याचे राखीव सेल, दीड-दोन लिटर पाणी (त्यातले निम्मे थर्मासमध्ये गरम), खिशात सहज मिळेल असे खाणे, शिट्टी, चांदीसारखी चकचकीत आपत्कालीन चादर. सुती जीन्स आणि सुती मोजे घरीच ठेवा. ते एकदा ओले झाले की दिवसभर सुकत नाहीत.

५. आदल्या दिवशी दुपारीच चोपता गाठा

हरिद्वार किंवा ऋषिकेशहून देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, अगस्त्यमुनी, कुंड, उखीमठ आणि चोपता असा रस्ता आहे. घाटरस्त्याचा पूर्ण दिवस धरा. रेल्वेत दोन रात्री काढून, रात्री उशिरा चोपत्यात पोहोचून, पहाटे तीनला चढायला लागणारे अनेक गट मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे तरी डोके मंदिराजवळ ठणकू लागतेच. शक्य असल्यास एक रात्र उखीमठ किंवा सारी गावात घालवा. सारीहून देवरिया ताल या तलावापर्यंत चढून उतरले तर पायही मोकळे होतात आणि शरीर उंचीला सरावते.

चोपत्यात पोहोचल्यावर संध्याकाळी सपाटीवर अर्धा तास फिरा, पाणी प्या, मद्य टाळा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना उडणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे आहेत. ती असताना आणखी वर जाऊ नये. चालताना झोक जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असो वा दिवस, त्या माणसाला खाली उतरवणे हाच उपाय आहे. उंचीवरची कोणतीही गोळी घरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

६. बर्फ ओळखायला शिका

वसंतातला बर्फ समजून घेण्यासाठी एक लहानशी गोष्ट पुरेशी आहे. एप्रिलमध्ये बुरांशाच्या झाडाखाली उरलेल्या बर्फाकडे वाकून पाहा. गळून पडलेली प्रत्येक लाल पाकळी स्वतःच्याच आकाराच्या खळग्यात एक-दोन बोटे खोल बसलेली दिसते. गडद पाकळी ऊन शोषते आणि भोवतीचा बर्फ वितळवत खाली जाते. पांढरा बर्फ बरेचसे ऊन परत फेकतो, म्हणून तो मागे राहतो. हेच मोठ्या प्रमाणावर प्रत्येक खडकाभोवती, प्रत्येक झुडपाभोवती घडते. म्हणून खडकालगतचा बर्फ वरून सलग दिसला तरी आतून पोकळ असतो आणि तिथे पाय मांडीपर्यंत आत जातो. आधाराला खडक जवळ करायचा, ही आपली सह्याद्रीतली सवय इथे उलटी पडते. खडकापासून हातभर दूर चालायला स्वतःला शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट रात्रीची. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि हवेचे तापमान शून्याच्या किंचित वर असले तरी त्याचा पृष्ठभाग गोठतो. आकाश ढगाळ असेल तर ढग पांघरुणासारखे काम करतात आणि बर्फ गोठतच नाही. म्हणून पहाटे खोलीबाहेर येऊन आधी चांदण्या दिसतात का ते पाहा. चांदण्या असतील तर सकाळी वाट कठीण, पण भरवशाची मिळेल. ढगाळ आणि उबदार रात्र गेली असेल तर सकाळी सातलाही बर्फ कुजका असेल आणि दिवसभर तो बिघडतच जाईल. अशा दिवशी मंदिरापर्यंत जाऊन परतणे इष्ट.

बर्फाची परीक्षा बुटाने करा. बुटाच्या टोकाने ठोकर मारल्यावर केवळ ओरखडा उठत असेल, तर मायक्रोस्पाइकशिवाय एकही पाऊल पुढे टाकू नका, आणि उतार तीव्र असेल तर स्पाइक असूनही टाकू नका. टाच मारल्यावर अर्धा बूट रुतून घट्ट बसत असेल, तर ती सर्वांत चांगली अवस्था आहे. घोट्यापर्यंत पाय जाऊ लागला की परतीची वेळ जवळ आली. पोटरीपर्यंत जाऊ लागला की ती टळून गेली.

याखेरीज एक सापळा असा आहे, की त्याकडे कोणाचेच लक्ष नसते. दिवसा वितळलेले पाणी फरसबंद वाटेच्या दगडांवरून वाहते आणि रात्री तिथेच गोठते. त्याचा पातळ, पारदर्शक थर अंधारात दिसत नाही. दगड ओला आहे एवढेच वाटते. बर्फाच्या ढिगाऱ्यावर सावध राहिलेली माणसे या उघड्या दिसणाऱ्या दगडावर आपटतात. पहाटे चकाकणारा प्रत्येक दगड गोठलेला आहे असे समजा, वाटेच्या डोंगराकडच्या कडेने, माती किंवा गवत असेल तिथून चाला, आणि जरुरी वाटल्यास पहिल्या किलोमीटरपासूनच स्पाइक चढवा.

मात्र गवतावरून चालण्याची सूट तेवढ्या गोठलेल्या भागापुरतीच घ्या. वितळलेल्या बर्फाने भिजलेले बुग्याल, म्हणजे वरची कुरणे, यांचे गवत या दिवसांत अत्यंत नाजूक असते आणि वळणे टाळण्यासाठी शेकडो पावले त्यावरून सरळ उतरू लागली की तिथे चर पडतात. ते चर पुढच्या पावसात ओहोळ होतात. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीचा तंबू मुक्काम बंद केला, तो याच कुरणांच्या काळजीपोटी. वाटेवर पुसटसा बर्फ असेल तर त्यावरूनच चाला, त्याला वळसा घालण्यासाठी कुरण तुडवू नका.

७. दिवसाचे वेळापत्रक बर्फाप्रमाणे आखा

चंद्रशिलेवरून सूर्योदय पाहण्याची मोठी ओढ असते. चौखंबा, नंदादेवी, त्रिशूल यांच्यावर पडणारे पहिले ऊन पाहावे, ही इच्छा मी समजू शकते. परंतु मार्च-एप्रिलमध्ये सूर्योदय साधारण साडेपाच ते पावणेसातच्या दरम्यान होतो. त्यासाठी रात्री अडीच-तीनला निघावे लागते आणि वाटेचा सर्वांत अरुंद भाग, बर्फ सर्वांत कठीण असताना, अंधारात पार करावा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हा मोह सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. मेमध्ये वाट कोरडी झाली की तोच सूर्योदय निर्धास्तपणे पाहता येतो.

मी आता जे वेळापत्रक पाळते ते असे. पहाटे पाचला, उजाडता उजाडता निघायचे. साडेसात-आठच्या सुमारास मंदिर. तिथे अर्धा तास थांबून खाणे, स्पाइक आणि पुढच्या उताराचे निरीक्षण. ऊन उतारावर पोहोचून बर्फाचा वरचा थर किंचित मऊ झाला की पुढे निघायचे आणि साडेनऊ-दहापर्यंत माथा गाठायचा. अकरा वाजता, कुठेही असलो तरी, परत फिरायचे. दुपारी एक-दोनपर्यंत चोपता. या दिवसांत दुपारनंतर ढग जमून गारा आणि विजा येण्याची शक्यता असते आणि चंद्रशिलेचा माथा पूर्णपणे उघडा आहे. गडगडाट ऐकू आला की माथ्यावर एक क्षणही थांबू नये.

८. बर्फावर पाऊल कसे टाकायचे

चढताना बुटाचे टोक बर्फात ठोकून पायरी करा, तिच्यावर पूर्ण भार टाकून पाहा आणि मगच दुसरा पाय उचला. पुढच्याने केलेल्या पायऱ्या वापरा, परंतु तपासून. काल दुपारी मऊ बर्फात उमटलेली पावले रात्री गोठून काचेच्या वाट्यांसारखी झालेली असतात. त्यांच्या कडेवर पाऊल पडले तर घोटा मुरगळतो.

आडवे जाताना शरीर डोंगराकडे झुकू देऊ नका. भीती वाटली की आपण आपोआप डोंगराला चिकटतो आणि त्यामुळेच पायाखालची पकड सुटते. सरळ उभे राहा, भार तळपायावर ठेवा, वरच्या हातातली काठी आखूड आणि खालच्या हातातली लांब करा. एका वेळी काठी किंवा पाय, एवढेच हलवा.

उतरताना टाच मारत, गुडघे किंचित वाकवून, पुढे पाहत उतरा. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर आपण बसत, हात टेकत उतरतो. इथे बसलात की घसरलात. मे महिन्यात हिमाचलातल्या सर पासच्या ट्रेकमध्ये बर्फावरून बसून घसरण्याचा आनंद अनेक मराठी मंडळींनी घेतलेला असतो. तिथे उतार निवडलेला असतो, खाली थांबण्याची जागा असते आणि वाटाडे उभे असतात. चंद्रशिलेवर ते करू नका, आणि पायात स्पाइक असताना तर कधीच करू नका, कारण दात बर्फात अडकून पायाचे हाड मोडते.

नाळेत साचून राहिलेला बर्फाचा पट्टा ओलांडण्यापूर्वी थांबून खाली पाहा आणि स्वतःला विचारा, इथे घसरले तर मी कुठे जाऊन थांबेन? खाली सपाट कुरण असेल तर एकेकाने जा. खाली कडा किंवा खडकांची रांग असेल, तर ते अंतर दहाच पावलांचे असले तरी मायक्रोस्पाइकच्या भरवशावर जाऊ नका. तिथे आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ती घसरताना रोवून थांबण्याचा सराव लागतो, आणि तो उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष शिकावा लागतो. अॅक्स नुसती पाठीला अडकवून उपयोग नाही. अशा पट्ट्याखालून पाणी वाहत असेल तर त्याचा आवाज ऐका. आवाज मोठा आणि पोकळ येत असेल तर वरचा बर्फ कमानीसारखा उरलेला आहे, आणि दुपारच्या उन्हात तो कोसळू शकतो.

९. परत फिरण्याच्या खुणा आधीच ठरवून ठेवा

उतारावरून बर्फाचे लहान गोळे आपोआप गडगडत येऊ लागले, तर वरचा बर्फ भिजून सैल झाला आहे. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलनाची शक्यता सर्वाधिक असते, तेव्हा अशा उताराखालून ताबडतोब बाजूला व्हा. पायाखालून 'धप्प' असा दबका आवाज येऊन बर्फ खचल्यासारखा वाटला, किंवा पायापासून भेग पळत गेलेली दिसली, तरीही तेच करा. माथ्याच्या कडेला बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात. छायाचित्रासाठी त्यांच्यावर उभे राहू नका, कारण खाली जमीन आहे की नुसती हवा, हे वरून कळत नाही.

गटातल्या एकाची जरी ताकद किंवा धीर संपला असेल, तर त्याला एकट्याला मंदिराजवळ बसवून बाकीच्यांनी पुढे जाऊ नये. बसून राहिलेला माणूस चालणाऱ्यापेक्षा कितीतरी लवकर गारठतो. थरथर कापणे, बोलणे जड होणे, बटण लावता न येणे ही शरीराचे तापमान उतरल्याची लक्षणे आहेत. ओले कपडे बदला, वाऱ्याच्या आडोशाला न्या, गरम गोड पेय द्या आणि खाली चला. अपघात झाल्यास ११२ हा क्रमांक आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे, परंतु रेंज नसेल तर दोघांनी जखमीजवळ थांबावे आणि दोघांनी एकत्र खाली जाऊन कळवावे. म्हणून वाटाडा न मोजता चारजणांपेक्षा लहान गटाने आणि स्थानिक वाटाड्याशिवाय मंदिरापुढे जाऊ नये, असे मी म्हणेन. वाटाडा निवडताना त्याने या आठवड्यात वर जाऊन पाहिले आहे का, एवढे अवश्य विचारा.

१०. खाली आल्यावर

स्पाइक धुऊन, पुसून, कोरडे करून ठेवा. ओले राहिले की दातांना गंज चढतो. प्लास्टिकचा प्रत्येक तुकडा सोबत खाली आणा. वर बर्फात टाकलेला कचरा दिसेनासा होतो खरा, परंतु मे महिन्यात बर्फ वितळला की तो मंदिराच्या आवारातच उघडा पडतो. आणि चोपत्यातल्या टपरीवर चहा घेताना, दुसऱ्या दिवशी वर जाणारा गट शेजारी बसलेला असेल, तर त्यांना आजचा बर्फ नीट सांगा : मंदिराच्या पुढे किती वाजता कठीण होता, किती वाजता पाय रुतू लागला, कोणत्या वळणावर दगड गोठलेला होता, रात्री चांदण्या होत्या की ढग. "मस्त होते, जा बिनधास्त" एवढेच सांगून उठू नका.